गोऱ्या अय्यरांचं तसराळं

गोऱ्या अय्यरांचं एकही वाक्य आमच्या गल्लीत एका दमात पुरं झालं नाही. बोलता बोलता कुठे घंटा वाजली की ते थांबत. ओठ मिटून, मान जराशी खाली घालून, शेवटचा नाद विरेपर्यंत. मग जिथे तुटलं होतं तिथून वाक्य उचलत. त्यांच्या थंड देशात ही सवय परवडत असेल. तंजावुरात आमच्या घराच्या एका अंगाला पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, दुसऱ्या अंगाला मारुती, मागे शाळा, आणि संध्याकाळी घंटी वाजवत येणारा कुल्फीवाला. अय्यर कुल्फीवाल्यासाठीही थांबायचे. "त्याच्यासाठी कशाला?" असं मी एकदा वैतागून विचारलं. "कुणाची घंटा कशासाठी वाजते, हे ठरवणारा मी कोण?" म्हणाले, आणि पुढे काही बोलणार तेवढ्यात मारुतीची सुरू झाली.

नाव गल्लीनं ठेवलेलं. माणूस डेन्मार्कचा, जन्मभर तिथल्या एका खेड्यातल्या चर्चचा पाद्री. इकडे त्यांच्या पंथाचे तमिळ ख्रिस्ती आपल्या पाद्र्याला पूर्वापार अय्यरच म्हणतात. आमची दूधवाली त्या पंथाची. तिनं पहिल्याच दिवशी "अय्यर" म्हणून हात जोडले. गल्लीत खऱ्या, म्हणजे तमिळ ब्राह्मण, अय्यरांची दोन घरं होतीच, तेव्हा ओळखू यावं म्हणून पुढे "गोरे" लागलं. त्यांनी आयुष्यात ऐकलेलं ते सर्वांत मानाचं संबोधन होतं, असं ते म्हणायचे. स्वतःच्या गावात शेवटी शेवटी लोक त्यांना फक्त वाढदिवसाला हाक मारत.

ते तरंगंबाडीला आले होते. समुद्राकाठी त्यांच्या देशाचा जुना किल्ला आहे, जवळ त्यांच्या लोकांची थडगी आहेत. ती बघून झाल्यावर परत जायचं सोडून ते तंजावुरात उतरले आणि आमची माडी भाड्यानं घेतली. त्यानंतर दर मार्गळीत, म्हणजे तुमच्याकडे थंडी पडते त्या सुमाराला, यायचे आणि उन्हं तापायला लागली की जायचे. मी नुकतीच कॉलेजातून निवृत्त झाले होते. पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात गेली, त्यातली मधली वर्षं पुण्यात, म्हणून हे देवनागरीत लिहिता येतं. आमच्यातल्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरांतल्या, बहुतेकांना घरची मराठी बोलता येते, वाचता येत नाही. घरात मी आणि अम्मा, माझी आई. अम्मानं त्यांची मुलाखत घेतली ती स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. "मांस खातां?" "इथे नाही खाणार." "दारू?" "नाताळात थोडी." "देव?" अय्यर गप्प झाले. या खेपेला कुठेही घंटा वाजत नव्हती. अम्मानं त्यांचं गप्प बसणं आपल्या परीनं समजून घेतलं आणि दहीभात वाढला.

मी पाहिलेला हा एकच धर्मगुरू, ज्यानं कुणाला धर्माबद्दल कधी काही सांगितलं नाही. विचारलं तरी नाही. आमच्या समोरचे वकीलमामा तर रोज विचारायचे. निवृत्त वकील, आमच्यातलेच, आणि वाद घालायला कोर्ट उरलं नाही म्हणून आमचा ओटा गाठलेला. त्यांचा एकच मुद्दा होता. पश्चिमेनं देव टाकला, म्हणून तिकडे लग्नं मोडतात, म्हातारी माणसं एकटी मरतात, पोरं गोळ्या घेऊन झोपतात. त्यांनी निमूट देवाकडे परत यावं. "काय अय्यर, बरोबर ना?" स्वतः मामांचे दोन्ही मुलगे त्याच पश्चिमेत आणि मामा एवढ्या घरात एकटे, हे मी मनात म्हणायची. अय्यर मनातही म्हणत नसावेत.

ते एवढंच सांगायचे, "माझ्या शेजाऱ्याला अर्धांग झालं होतं. नगरपालिकेची नर्स रोज सकाळी यायची. त्याला अंघोळ घालायची, दाढी करायची, त्याच्या शिव्या खायची. तिचा कशावर विश्वास नव्हता. तिला मी कुठे परत बोलावू?"

मामा हार मानणाऱ्यातले नव्हते. "पण समाजाला गरज आहे देवाची!"

"असेल. पण गरज आहे म्हणून देव मागवता येत नाही. तो गॅसचा सिलिंडर नाही." यावर अम्मा आतून म्हणाली, "सिलिंडर पण मागवला म्हणून येत नाहीं." वाद तिथे संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला, कारण मामांना दुसरं काम नव्हतं.

मामा गेल्यावर मात्र अय्यर पायऱ्यांवर बसून राहायचे. थकलेले दिसायचे. एकदा आपणहून म्हणाले, "हा प्रश्न मला चाळीस वर्षं विचारला गेला. सभांमध्ये, कॉफी आणि केक देऊन. लोक परत कसे येतील. मी बोलायचो, समोर सात-आठ म्हाताऱ्या. त्यातल्या दोघी बहिऱ्या. बाकी गाव चांगलंच होतं हो, कुणी उपाशी नाही, कुणी कुणाला मारत नाही. पण नाताळात सगळे यायचे, आणि गाणं सुरू झालं की कुणाला चालच येत नसायची. नुसते तोंड उघडं ठेवून उभे. तेवढं मला बघवत नसे." आमच्या घरी सुटीत येणारी नात्यातली पोरं आरतीला अशीच उभी राहतात. मी त्यांना ते सांगितलं. ते हसले नाहीत.

मला विचाराल तर मी दुसऱ्या टोकाला थकलेली होते. अम्माची कंबर गेल्यापासून तिची सगळी पूजा माझ्या गळ्यात पडलेली. मला देव आहे असं वाटत नाही, हे अम्माला ठाऊक आहे, तिला त्याचं काही वाटत नाही. "तुज वाटाचें काय काम? फूल वाहा," म्हणते. सकाळी फुलं, संध्याकाळी दिवा, शुक्रवारी हे, एकादशीला ते. देवाच्या ह्या पाहुणचारानं माझ्या नाकी नऊ आले होते. अय्यरांना मी म्हटलं, तुम्ही देव गेला म्हणून दमलात, मी तो जात नाही म्हणून. त्यावर ते पहिल्यांदा खळखळून हसले. "अदलाबदल करू या का?" मला ते हसणं फार आवडलं होतं, आजही आठवतं.

त्यांचं चर्च विकलं गेलं होतं. हे आम्हांला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही अम्मा भाजी निवडताना सहज विचारत होती म्हणून. तिथे आता भिंतीवर चढायचा क्लब आहे. कमरेला दोर बांधून लोक वर चढतात, जिथे क्रूस होता तिथपर्यंत. मी भाषांतर करत होते. अम्माच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"देऊळ विकलां, सेरी," म्हणजे ठीक, असं ती म्हणाली. "देव कोठें नेऊन ठेवलां?"

मी म्हटलं, अम्मा, त्यांच्यात असं नसतं. पण अम्माला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती अय्यरांचा हात धरून त्यांना कोपऱ्यावर घेऊन गेली, कंबर दुखत असताना. पिळ्ळैयाराच्या देवळाची डागडुजी तेव्हा चालू होती. इकडची रीत अशी, की देवळाचं काम काढलं तर आधी मूर्तीतलं देवपण मंत्रांनी पाण्याच्या घटात उतरवून घ्यायचं, आणि काम संपेपर्यंत तो घट शेजारच्या छोट्या झोपडीत ठेवून तिथेच पूजा करायची. त्या झोपडीला बालालय म्हणतात. गाभाऱ्यात गवंडी बिड्या ओढत बसले तरी चालतात, कारण देव तिथे नसतोच. मात्र काम झालं की देव परत न्यायचा. बालालयात तो फार दिवस ठेवायचा नसतो, यावर अम्मा ठाम. अय्यर त्या झावळ्यांच्या छपराखाली वाकून घटाकडे खूप वेळ बघत राहिले. परतताना कुल्फीवाला भेटला, त्याच्यासाठी थांबले, पण मला वाटतं त्यांना ती घंटी ऐकूच आली नव्हती.

त्यानंतरची भोगी. पोंगलच्या आदल्या दिवशी घरातलं जुनंपानं काढून टाकायचं असतं. अय्यर सकाळी फिरायला गेलेले, आणि अम्मा, जिला जिना चढायला डॉक्टरांची बंदी, माडीवर पोचली. काय टाकायचं ते शोधायला. तिथे एका लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं पितळी तसराळं तिला सापडलं. रुंद, उथळ, एका बाजूला चेपलेलं, काळं पडलेलं. मी स्वयंपाकघरात होते, मला पत्ता नाही. चिंच लावून तिनं ते लख्ख घासलं तेव्हा तळाशी दोन आकृत्या उमटल्या, एक बाई आणि तिच्यासमोर गुडघे टेकलेला पंखवाला कुणी. "पाहा पापा, गरुड!" अम्मा म्हणाली. "अणि लक्ष्मी. मज आधीच ठाऊक होतें, ह्यांनीं देव बरोबर आणला अहे." मी साठीची झाले तरी अम्मा मला पापाच म्हणते, म्हणजे बाळ. मी हात पुसून येईपर्यंत तसराळं आमच्या देवघरात होतं, पाटावर, पाण्यानं भरलेलं, वर जास्वंद.

माझा संताप संताप झाला. दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलायची, वर आपला धर्म तिला चिकटवायचा. मी तिला बोलत असतानाच अय्यर दारात आले. त्यांनी पाहिलं. मी इंग्रजीत माफी मागू लागले. त्यांनी हात वर केला, घंटेसाठी करत तसाच, आणि मी गप्प झाले. मग तो उंच माणूस गुडघ्यांचे आवाज करत देवघरासमोर जमिनीवर बसला आणि रडला. मोठ्यानं नाही. अम्मानं त्यांच्यापुढे कॉफी ठेवली.

"ह्यात शेवटचं पाणी कधी पडलं, आठवत नाही," ते नंतर गच्चीवर म्हणाले. त्या तसराळ्यातल्या पाण्यानं त्यांच्या चर्चमध्ये बाळांना बाप्तिस्मा देत. त्यांना स्वतःला दिलेला, त्यांच्या मुलीला त्यांनी दिलेला. चर्च मिटलं तेव्हा चांगल्या वस्तू दुसऱ्या चर्चांनी नेल्या, चेपलेलं तसराळं कुणालाच नको होतं. म्हणून ते स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांच्याबरोबर फिरत होतं. आणि खरी गोष्ट पुढे होती. त्यांना नात झाली होती. मुलगी म्हणाली, बाप्तिस्मा नको, मोठी झाली की तिचं ती ठरवेल.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "असा विचार करावा म्हणूनच तिला वाढवलं. पण मला त्या पोरीच्या डोक्यावर हे पाणी घालायचं होतं. अजून घालायचं आहे."

"मग तसं मुलीला सांगा ना."

"काय सांगू? परत ये म्हणून? मी तरी तिथे आहे का? सकाळी वाटतं आहे, संध्याकाळी वाटतं नाही. ज्या घरात आपण राहतो की नाही हेच ठाऊक नाही, तिथे पाहुण्यांना कोणत्या तोंडानं बोलवायचं?" पिळ्ळैयाराची घंटा सुरू झाली. ती थांबल्यावर ते उठून खाली गेले.

तसराळं आमच्या देवघरातच राहिलं. "राहू दे," एवढंच ते म्हणाले. उन्हाळ्यात ते गेले तेव्हाही नेलं नाही. रोज सकाळी शिळं पाणी तुळशीला घालून ताजं भरायचं, हे एक काम माझ्या यादीत वाढलं. मी कुरकुर केली. अम्मा म्हणाली, पाहुण्याचा देव आहे, त्याला शिळं पाणी नको. दर वर्षी अय्यर आले की ती पहिल्यांदा तेच विचारायची. "अय्यर, देव परत केव्हां नेतां? बालालयांत ठेवाचें तें थोडेच दिवस." आणि अय्यर दर वर्षी म्हणायचे, "अम्मा, देऊळ कुठे आहे न्यायला?" "तें तुमी पाहाचें," अम्मा म्हणायची. मुलीला त्यांनी अजूनही काही सांगितलं नव्हतं. रविवारी तिचा फोन यायचा, नात पडद्यावर नाचून दाखवायची, अय्यर दोन्ही हातांनी फोन धरून बसायचे आणि हवामानाबद्दल बोलायचे.

पिळ्ळैयाराचं काम एकदाचं संपलं. देव घटातून परत मूर्तीत न्यायचा सोहळा, कुंभाभिषेकम, म्हणजे अर्धं तंजावूर आमच्या गल्लीत. चारी बाजूंना लाउडस्पीकर, पुढाऱ्यांचे फ्लेक्स पिळ्ळैयाराहून मोठे, आकाशात फुलं टाकणारा ड्रोन. माझं डोकं उठलं होतं. अय्यर गर्दीत शिरले ते एक चप्पल हरवून परत आले. वकीलमामा अभिमानानं फुललेले. "बघितलंत? ह्याला म्हणतात श्रद्धा! हेच तुमच्या लोकांना हवंय."

अय्यर पाय पुसत म्हणाले, "घट माझ्या अगदी जवळून गेला. सगळे फोन वर धरून उभे होते. त्याच्याकडे बघितलं फक्त एका बाईनं, तेही तिचं पोर त्याच्या आड आलं होतं म्हणून." मामा रागावले आणि दोन दिवस ओट्यावर फिरकले नाहीत. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते दोन्ही बाजूंनी खरं आहे. पण मला अय्यरांचं त्या दिवशी वाईट वाटलं. त्यांना काहीतरी दिसेल अशी आशा असावी, आणि त्यांना चप्पल हरवलेली दिसली.

शेवटच्या वर्षी ते उशिरा आले आणि लवकर निघाले. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी पुढचा प्रवास बंद केला होता. निघायच्या दिवशी अम्मानं काही विचारलं नाही. मला तसराळं उतरवायला लावलं, पाणी तुळशीला घातलं, तळ कोरडा पुसला, गरुड-लक्ष्मीला हळदकुंकू लावलं आणि तोच स्वेटर मागवला. अय्यर उभ्यानं बघत होते.

"नेऊन काय सांगू तिला?" त्यांनी मला विचारलं. मी अम्माला विचारलं.

"कांही सांगूं नको म्हण," अम्मा म्हणाली. "पाणी घाल म्हण."

स्टेशनवर ते खिडकीशी बसले, स्वेटर मांडीवर. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि काही सांगायला तोंड उघडलं. फलाटावरची घंटा वाजली, ते थांबले, आणि ती संपेपर्यंत गाडी हलली. ते वाक्य राहिलंच. मी कित्येक दिवस त्या वाक्याचा विचार करत होते, काय असेल म्हणून. घरी आले तर देवघरातला पाट रिकामा, आणि इतकी वर्षं कुरकुर करणारी मी दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या भरून तिथे उभी.

गेल्या मार्गळीत त्यांच्या मुलीचा फोन आला. व्हिडिओवर. चेहरा थेट बापाचा. वडील गेले, झोपेतच, म्हणाली. तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सर्वांत वर होता. मी अम्माला सांगितलं. अम्मा डोळे मिटून बसली, मग तिनं माझा दंड धरला. "विचार पापा. देव परत नेला का, विचार."

असलं काही त्या अनोळखी, दुःखात असलेल्या बाईला विचारायची मला लाज वाटत होती. पण तिनंच विषय काढला. म्हणाली, वडील भारतातून आले आणि एक जुनं तसराळं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. रोज सकाळी चालत यायचे, पाणी बदलायचे, चालत जायचे. बर्फातसुद्धा. धर्माचं एक अक्षर बोलले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तंजावूरला एक बाई आहेत, त्या असं करतात. तिनं फोन फिरवला. खिडकीत तसराळं होतं, बाहेर सगळं पांढरं, आणि स्टुलावर चढून एक सोनेरी केसांची मुलगी तांब्यासारख्या कुठल्या भांड्यानं त्यात पाणी ओतत होती. जरा बाहेरही सांडत होती.

"आता ही घालते," अय्यरांची मुलगी म्हणाली. "मी सांगितलं नाही. तिला बाबांनीही सांगितलं नव्हतं. ती मला विचारते, हे किती दिवस करायचं. मी विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. तुम्हांला माहीत आहे का..."

इथे पिळ्ळैयाराची सायंपूजेची घंटा सुरू झाली. फोनमधून ती तिकडेही ऐकू गेली असावी. स्टुलावरच्या पोरीनं झटकन हात वर करून आईला गप्प केलं, आणि मान किंचित खाली घालून उभी राहिली. आई थांबली. मी थांबले. माझे डोळे वाहायला लागले ते मी पुसले नाहीत.

घंटा थांबल्यावर मी अम्माला मराठीत विचारलं, ते लोक विचारतात किती दिवस ठेवायचं. मला तिचं उत्तर पाठ होतं. बालालयात फार दिवस नाही. अम्मा त्या पोरीकडे बघत होती. मग म्हणाली,

"घाई नाहीं म्हण. पाणी मात्र शिळें होऊं देऊं नको."

मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं.